पत्ता कोण सांगणार?

घरी सर्व्हर ठेवायचा, हे ठरवायला फार विचार करावा लागला नाही. वापरातून निघालेला एक छोटा संगणक होता, दोन डिस्क होत्या, इन्व्हर्टरचं एक सॉकेट मोकळं होतं. नोकरीत मी सर्व्हर सांभाळण्याचंच काम करते, त्यामुळे यंत्र उभं करणं अंगवळणी पडलेलं. वडिलांच्या वह्यांची स्कॅन केलेली पानं, आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, लग्नकार्यांचे फोटो, असं सगळं त्यावर येऊन बसलं. अडलं ते त्याच्या पुढे. या यंत्राला बाहेरच्या जगात नाव हवं. टोरांटोतल्या मावसभावाने ते नाव फोनवर लिहिलं, की पुण्यातल्या आमच्या यंत्राचा पत्ता त्याच्या फोनला कुणीतरी सांगायला हवा. तो कुणी सांगायचा?

हे डीएनएसचं काम. सर्व्हर हौसेने बांधणारी माणसं मेमरी आणि डिस्क यांवर तासन्‌तास बोलतात आणि डीएनएसचा विषय मात्र ‘कुठेतरी टाकून दे’ म्हणत उरकतात. मला ते पटत नाही. बिघडलेली डिस्क बदलता येते, तिची प्रत दुसरीकडे ठेवता येते. नावाचं तसं नसतं. ते नातेवाइकांच्या फोनमध्ये, बँकेच्या नोंदींत, जुन्या पत्रांत पसरलेलं असतं, आणि त्याला उत्तर देणारा गप्प झाला की घरातलं यंत्र धडधाकट असूनही कुणासाठीच नसतं.

या व्यवस्थेचा इतिहास मला मनापासून आवडतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एका फाइलीत होते. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला एसआरआय या संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, तेही कचेरीच्या वेळात. मग ते फाइलीत एक ओळ घालणार आणि बाकी सगळ्यांनी ती फाइल आपापल्या यंत्रावर उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी ही पद्धत ताणली गेली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला, आणि १९८७ मध्ये आलेली त्याची सुधारित कलमं, आरएफसी १०३४ आणि १०३५, आजही या व्यवस्थेचा पाया आहेत.

त्यातली मोठी गोष्ट म्हणजे सोपवणं. सगळ्यांची यादी एकाने ठेवायची नाही. मुळाशी असलेला रूट सर्व्हर एवढंच सांगतो, की डॉट इनची चौकशी अमुक ठिकाणी करा. डॉट इनवाले सांगतात, की या आडनावाने घेतलेल्या नावाची चौकशी त्या कुटुंबाच्या नेमसर्व्हरकडे, म्हणजे त्या नावाची उत्तरं देणाऱ्या सर्व्हरकडे, करा. तिथून खाली मी सांगेन ते प्रमाण. आडनावाच्या आधी ‘फोटो’ लावायचं की ‘वाडा’, याला वरच्या कुणाची परवानगी लागत नाही. एखाद्या विद्यापीठाला किंवा सरकारी खात्याला जो अधिकार, तोच एका फ्लॅटमधल्या कुटुंबाला. इतक्या मोठ्या व्यवस्थेत इतका खालपर्यंत पोचणारा अधिकार मी दुसरीकडे क्वचितच पाहिला आहे.

म्हणूनच पहिली ओढ वाटली ती नेमसर्व्हरही घरीच चालवण्याची. बाइंड हे त्याचं सर्वांत जुनं आणि नावाजलेलं सॉफ्टवेअर; १९८०च्या दशकात बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी लिहायला घेतलेलं, आजही जिवंत. ते फुकट मिळतं. एनएसडी आणि नॉट त्याहून आटोपशीर आहेत. त्रेपन्न क्रमांकाचं पोर्ट उघडायचं, झोन फाइल, म्हणजे आपल्या नावाखालच्या नोंदींची यादी, लिहायची, नाव विकणाऱ्या रजिस्ट्रारकडे नेमसर्व्हर म्हणून घराचा पत्ता द्यायचा. जे आपलं, ते सगळं आपल्या छपराखाली. घरचं सगळं घरीच हवं असं मानणाऱ्या माणसाला याहून समाधानाचं काय?

पण हा विचार छपरापाशीच अडखळतो. आमच्या भागात देखभालीच्या कामासाठी गुरुवारी वीज जाते. इन्व्हर्टर यंत्राला आणि राउटरला काही तास तारतो, पण रस्त्याकडेच्या खांबावरच्या डब्यात इंटरनेटवाल्यांची बॅटरी असेलच असं नाही. शिवाय पावसाळ्याआधी रस्ता खणला जातो आणि केबल तुटते, ते वेगळंच. अशा वेळी घराचा पत्ता सांगणारा नेमसर्व्हर त्याच घरात असणं म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली आत विसरणं. मूळ कलमांतच लिहिलं आहे, की प्रत्येक झोन किमान दोन सर्व्हरवर असला पाहिजे. १९९७च्या आरएफसी २१८२ मध्ये तर त्याची फोड केली आहे: हे दोन सर्व्हर एका खोलीत, एका जोडणीवर, एका विजेवर ठेवू नका. घराघरांचा विचार त्या वेळी कुणी केला नसेल, पण नियम घरालाही तंतोतंत लागू पडतो.

मोठ्यांचंही याच जागी अडतं. ४ ऑक्टोबर २०२१ला, आपल्याकडे रात्रीचे सव्वानऊ वाजत असताना, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम गायब झाले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत जाळं तुटलं. डेटा सेंटरशी संपर्क तुटला की आपल्यापर्यंत येणारे रस्तेच मागे घ्यायचे, अशी त्यांच्या नेमसर्व्हरची रचना होती आणि त्यांनी तेच केलं. सगळे नेमसर्व्हर स्वतःच्याच जाळ्यात होते. बाहेर उत्तर द्यायला कुणीच उरलं नाही. सहा तासांच्या आसपास जगभर शांतता. त्या रात्री कितीतरी घरांत राउटर बंद-चालू करून पाहिले गेले असतील.

यावर कुणी म्हणेल, घर अंधारात असेल तर नावाचं उत्तर मिळून तरी काय उपयोग? यंत्र तर बंदच आहे ना? आक्षेप रास्त आहे, आणि मी त्यावर बराच काळ घुटमळले. उत्तर मिळालं ते नाशिकला. बहिणीकडे आमच्या डिस्कची प्रत असते, रोज रात्री आपोआप ताजी होते. पुण्याचं घर बंद पडलं तर तेच नाव नाशिककडे वळवता येतं. मी प्रवासात असले तरी फोनवरून एक ओळ बदलायची. फक्त ती ओळ जिथे लिहायची ती जागा पुण्याच्या घरात असता कामा नये.

याच कसोटीने एक फार देखणी रचना मला सोडावी लागली. तिला हिडन प्रायमरी म्हणतात. मूळ झोन फाइल घरी, पण घराचा नेमसर्व्हर जगाला ठाऊक नाही. बाहेरचे दोन-तीन सर्व्हर घरून प्रत उतरवून घेतात आणि तेच लोकांना उत्तरं देतात. फाइल साध्या अक्षरांतली, कुठल्याही एडिटरमध्ये उघडणारी. वरच्या बाजूला अनुक्रमांक, रिवाजाप्रमाणे वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसाचा कितवा बदल, असा दहा आकडी. प्रत्येक बदलाला तो वाढवायचा. वाढवला नाही तर बाहेरच्यांना काही बदललं असं वाटतच नाही आणि ते जुनंच सांगत राहतात. पुढे आणखी एक आकडा: मूळ फाइलीशी संपर्क तुटला तर किती काळ आपल्याजवळची प्रत खरी धरायची. पंधरा दिवसांचे सेकंद तिथे लिहिता येतात. म्हणजे घर पंधरा दिवस बंद असलं तरी नाव बोलत राहील. पण बोलेल ते शेवटचं सांगितलेलं. नाशिककडे वळवायचं तर लेखणी पुण्याच्या बंद घरात. ऑफिसात ही रचना मला हवीच असते. तिथे माणसं असतात, पाळ्या असतात. घरासाठी ती नाही.

तेव्हा उत्तर देणारा बाहेरचाच, हे ठरलं. मग बाहेरचा कोण?

फुकट मिळणाऱ्या उपनावांचा मार्ग सर्वांत सोपा. डक डीएनएससारख्या ठिकाणी मिनिटभरात नाव मिळतं, पत्ता बदलला की छोटी स्क्रिप्ट कळवत राहते, आणि प्रयोगाला ते उत्तम आहे. पण ते नाव त्यांचं असतं. डिन-डीएनएसची फुकट सेवा घरी सर्व्हर ठेवणाऱ्या एका अख्ख्या पिढीने वापरली. मे २०१४ मध्ये ती बंद झाली. डॉट टीके आणि तसली नावं फुकट वाटणाऱ्या फ्रीनॉमने २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबवली आणि २०२४ मध्ये तो धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. दिलेलं कधी परत घेतील, याचा भरवसा नसलेल्या नावावर मी वडिलांच्या वह्या ठेवणार नाही.

नाव विकत घेतलं, डॉट इनचं. वर्षाचा खर्च दोन माणसांच्या एका साध्या जेवणाइतका. डॉट इनचा इतिहासही मला जवळचा वाटतो: १९८९ मध्ये हे नाव भारताच्या वाट्याला आलं तेव्हा त्याची देखभाल मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेकडे होती, आणि २००५ मध्ये निक्सी या संस्थेने नोंदणी सर्वांसाठी खुली केली. देवनागरीतलं डॉट भारत २०१४पासून मिळतं, त्याचाही मोह झाला. पण टोरांटोतल्या मुलांना ते टाइप करता येईना. माझ्या मनातून मात्र तो विचार गेलेला नाही.

नाव जिथे विकत घेतलं त्या रजिस्ट्रारकडेच नेमसर्व्हरही बहुधा सोबतच मिळतात. तिथेच ठेवून देणं सोयीचं. मी तसं केलं नाही. नावाची मालकी एका खात्यात आणि उत्तर देण्याचं काम दुसऱ्या संस्थेकडे असलं, तर दुसरी संस्था बिघडली, महागली किंवा तिने खातं गोठवलं, तरी पहिल्या खात्यात जाऊन नेमसर्व्हर बदलता येतात. दोन्ही एकाच्या हातात असले तर तक्रार घेऊन त्याच खिडकीपाशी उभं राहायचं. उलट दिशेनेही सावध राहावं लागतं. २१ ऑक्टोबर २०१६ला इतरांच्या नावांची डीएनएस उत्तरं देणाऱ्या डिन कंपनीवर मिराय बॉटनेटचा हल्ला झाला. घराघरांतले कॅमेरे आणि रेकॉर्डर बळकावून केलेला तो हल्ला. त्या दिवशी ट्विटर, स्पॉटिफाय, गिटहब अनेकांना उघडेनात. उत्तर देणारी संस्था बाहेरची असली म्हणून ती कोसळणार नाही असं नाही. म्हणून झोनची संपूर्ण प्रत साध्या फाइलीत घरी आणि नाशिकला असते, आणि दुसऱ्या संस्थेत एक रिकामं खातं उघडून ठेवलेलं आहे.

पर्याय खरोखर पुष्कळ आहेत आणि बरेचसे चांगले. ॲमेझॉनचं रूट ५३ एका झोनला महिन्याला अर्धा डॉलर घेतं. हरिकेन इलेक्ट्रिक काही घेत नाही. बर्लिनची डीसेक ही ना-नफा संस्था उत्तर अस्सल असल्याची ग्वाही देणाऱ्या डीएनएससेकच्या सह्यांसकट सेवा फुकट देते. तिच्याबद्दल मला आदर आहे. क्लाउडफ्लेअरची उत्तरं वेगवान असतात. तिथल्या प्रत्येक नोंदीपुढे ढगाचं एक चिन्ह असतं आणि त्याकडे नीट पाहायला हवं. ढग करडा असेल तर ते फक्त पत्ता सांगतात. नारिंगी केला, की पत्ता सांगतात तो स्वतःचा. येणारा माणूस त्यांच्या दारी जातो, एन्क्रिप्शन तिथे उघडलं जातं, आणि पुन्हा बंद होऊन मजकूर घराकडे येतो. घराचा पत्ता लपतो, हल्ले बाहेर अडतात, आणि दुकान चालवणाऱ्याला ते हवंच असतं. पण आईच्या ओव्या वाटेत कुणी उघडाव्यात असं मला वाटत नाही. आमच्या नोंदींना फक्त पत्ता सांगणारा हवा होता.

आता तो पत्ता, जुन्या आयपीव्ही-फोर पद्धतीचा की नव्या आयपीव्ही-सिक्सचा. जोडणी देणाऱ्या कंपनीचा मुलगा घरी आला होता, त्याला विचारलं.

“मॅडम, व्ही-फोर वेगळा नाही मिळणार. बिझनेस प्लॅन घ्या, स्टॅटिक देतो.”

“आणि व्ही-सिक्स?”

“तो आहे की तुम्हाला. पण राउटर रीस्टार्ट झाला की बदलतो.”

त्याने अगदी खरं सांगितलं. राउटरवर १००.६४ने सुरू होणारा पत्ता दिसत होता, म्हणजे कंपनीच्या आतला. असे पत्ते २०१२ मध्ये यासाठीच राखून ठेवले गेले. एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं, आणि बाहेरून कुणालाही थेट आत येता येत नाही. आयपीव्ही-सिक्सच्या प्रसारात भारत जगात पुढे आहे, त्याचा इथे उपयोग झाला. व्ही-फोर पत्त्याची ए नोंद ठेवलीच नाही, व्ही-सिक्सची चार ए-वाली ठेवली. ज्यांच्या जोडणीवर व्ही-सिक्स नाही, त्यांना वायरगार्ड या व्हीपीएनच्या वाटेने आणलं.

पत्ता बदलणारा असल्याने टीटीएल ठरवावा लागतो: एकदा मिळालेलं उत्तर इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायचं. रिझॉल्व्हरला, म्हणजे आपल्यासाठी उत्तरं शोधून लक्षात ठेवणाऱ्या सर्व्हरला, डिग या आज्ञेने आमचं नाव विचारलं की नावासमोर ३०० असा आकडा येतो. थोडं थांबून पुन्हा विचारलं तर २८१, मग २६०. शून्याला पोचला की रिझॉल्व्हर पुन्हा मूळ नेमसर्व्हरकडे जातो, आणि आकडा परत ३००वर. त्या पाच मिनिटांत घराचा पत्ता बदलला तर तेवढा वेळ लोक जुन्या पत्त्यावर जाऊन परततात, त्याहून जास्त नाही. मेलच्या नोंदींना मात्र एक दिवसाचा टीटीएल आहे. त्या कशाला बदलतील?

सर्वांत जास्त विचार केला तो किल्लीचा. एन्क्रिप्शनसाठी लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र घ्यायचं तर नाव आपलंच आहे हे सिद्ध करावं लागतं. घरी ऐंशी क्रमांकाचं पोर्ट उघडण्यापेक्षा डीएनएसमध्ये एक टीएक्सटी नोंद टाकून ते सिद्ध करणं बरं. सगळ्या उपनावांना चालणारं तारांकित प्रमाणपत्र तर त्याच मार्गाने मिळतं, २०१८पासून. पण नोंद आपोआप टाकायची तर झोन बदलण्याची किल्ली, म्हणजे एपीआय टोकन, घरच्या सर्व्हरवर ठेवावं लागतं. सर्व्हरवर फोटो पाहण्याचं सॉफ्टवेअर आहे, त्यात कधी ना कधी भोक निघणार. चोर आत आला आणि ते टोकन त्याच्या हाती लागलं, तर तो फोटो घेऊन थांबेल का? मेलची एमएक्स नोंद स्वतःकडे वळवेल. मेल त्याच्याकडे जायला लागला की पासवर्ड विसरल्याची विनंती करून सगळीच खाती एकामागून एक उघडतील.

यावरचा उपाय त्या सोपवण्यातच होता. मुख्य नावाखाली ‘घर’ असं एक उपनाव केलं आणि दोन एनएस नोंदी लिहून ते उपनाव वेगळ्या झोनमध्ये, वेगळ्या संस्थेकडे दिलं. सर्व्हरवर टोकन आहे ते फक्त त्या धाकट्या झोनचं. रोजचे बदल, प्रमाणपत्रं, बदलता पत्ता, सगळं तिथेच घडतं. वरच्या झोनला हात लावायचा तर मला माझ्या लॅपटॉपवरून, दुसरा पुरावा देऊन जावं लागतं, आणि तशी वेळ फार थोडी येते. चाळीस वर्षांपूर्वी विद्यापीठं आणि संस्था यांच्यासाठी आखलेली वाटणी एका घरात, एका बाईच्या दोन कामांमध्ये इतकी चपखल बसते, याचं मला अजून अप्रूप आहे.

घराच्या आत वेगळी सोय केली. अनबाउंड नावाचा छोटा रिझॉल्व्हर त्याच यंत्रावर चालतो, आणि घरातल्या फोनने तेच नाव विचारलं तर तो घरातलाच पत्ता देतो. बाहेरची केबल तुटलेली असली तरी आईच्या टॅबवर फोटो उघडतात. बाहेर मात्र हा रिझॉल्व्हर कुणालाच दिसत नाही. उघडे रिझॉल्व्हर दुसऱ्यांवर हल्ले करायला वापरले जातात, आणि तसा एक आपल्या घरी असणं हा सरळ अपराध आहे.

राहिला प्रश्न माझ्यानंतरचा. नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं; कायमचं कुणालाच मिळत नाही. म्हणून नाशिकच्या भाचीला सगळं समजावून सांगितलं. एका कागदावर मराठीत लिहिलं: नाव कुठे घेतलं आहे, नेमसर्व्हर कुणाचे, नूतनीकरण कधी, पासवर्ड कुठे ठेवले आहेत. तिने कागद वाचला आणि विचारलं, “मावशी, आणि आम्हाला हे सगळं नको झालं तर? नाव सोडून दिलं तर चालेल?”

चालेल, म्हटलं. फोटो दुसरीकडे हलवा, सर्व्हर बंद करा. पण या नावावर आमचे ईमेल आहेत, आणि ते बँकांत, विम्यात, आधारला जोडलेले आहेत. नाव सुटलं की कुणीही ते विकत घेऊ शकतो, एमएक्स नोंद लिहू शकतो आणि आपल्या नावाने येणारा मेल वाचू शकतो. त्यात चोरी अशी काही नसतेच. नाव रीतसर त्याचं झालेलं असतं. म्हणून आधी प्रत्येक ठिकाणचा ईमेल बदलायचा, मग एक-दोन वर्षं पैसे भरून नाव नुसतं धरून ठेवायचं, काही येत नाही ना ते पाहायचं, आणि मगच सोडायचं.

तिने पेन घेतलं आणि कागदाच्या मागच्या बाजूला यादी सुरू केली. पहिली बँक, दुसरी बँक, विमा, गॅस. मग मला म्हणाली, “तू सांगत जा, मी लिहिते. आजच पूर्ण करू.”